चार पायांची आई

रेवदंड्याला आमच्या शेजारी खतिजाबी राहायची. तिच्या अंगणात एक वाक्य उच्चारायला बंदी होती. ‘हे काही जगत नाही’ हे ते वाक्य. कोंबडीचं पिल्लू असो, वाऱ्यानं मोडलेलं शेवग्याचं झाड असो, नाही तर तापानं फणफणलेलं कुणाचं पोर असो, कुणी मान हलवून तसं म्हणालं की खतिजाबी हातातलं काम टाकायची आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची.

“तुला अल्लामियाँची चिठ्ठी आलीय काय? आली असंल तर दाव. न्हाय आली, तर तोंड मीट.”

माझ्या यजमानांची बदली रेवदंड्याच्या मराठी शाळेत झाली तेव्हा आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. जुन्या कोटाच्या आत, नारळी-पोफळीच्या वाडीला लागून दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. मधे एक एरंडाची वई, म्हणजे जितं कुंपण, आणि वईपलीकडे खतिजाबीचं घर. आम्ही आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पाणी तापवत होते, तर वईवरून हाक आली.

“मास्तरीण! फाटकी गोधडी हाय काय तुझ्याकडं?”

बघते तर एक उंच, हाडापेरानं मोठी बाई. डोक्यावर घट्ट ओढलेला पदर, पानानं लाल झालेले ओठ आणि बघणं असं की आपण काही तरी चुकलोच आहोत असं वाटावं. मी म्हटलं, “अहो, नवा संसार आहे. फाटकी गोधडी कुठली असणार?”

“मग नवी दे. मी फाडते.”

मी हसले. ती हसली नाही. तिला खरोखरच हवी होती. शेवटी मी माझं एक जुनं, विरलेलं लुगडं वईवरून तिच्या हातात दिलं. तिनं ते उन्हाकडे धरून बघितलं, बोटांनी चोळलं आणि म्हणाली, “मऊ हाय. पिलांना बरं.” आणि निघून गेली. आभार वगैरे काही नाही. दुपारी मात्र वईवरून दोन शहाळी माझ्या अंगणात येऊन पडली.

तिचा नवरा इब्राहीम आगबोटीवर आगवाला होता. बॉयलरमध्ये कोळसा ओढायचं काम. दीड-दोन वर्षांनी एकदा घरी यायचा, महिनाभर राहायचा, पुन्हा जायचा. पदरी मूल नाही. घरात ती एकटी आणि अंगणभर कोंबड्या. अंडी आणि मोठ्या झालेल्या कोंबड्या ती मुंबईला जाणाऱ्या बोटीवर चढवायची. नवरा पैसे पाठवो न पाठवो, तिची चूल तिच्या कोंबड्यांवर चालायची. गल्लीच्या टोकाला तिचा दीर कासम राहायचा. त्याचा मचवा होता, गावात वजन होतं, आणि भावजयीनं असं एकटीनं राहून कोंबड्यांचा धंदा करणं त्याला लाज आणणारं वाटायचं. तो अधूनमधून येऊन सांगायचा, “भाबी, घराला कुलूप घाल नि आमच्याकडं येऊन राहा. लोक बोलतात.” ती कण्या टाकता टाकता म्हणायची, “लोकांना सांग, मोठ्यानं बोला. मला हितनं ऐकू येत न्हाय.”

माझे यजमान फार सोवळे नव्हते, पण घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. मी वई ओलांडून जाते हे त्यांना ठाऊक होतं. ते फक्त एवढंच म्हणायचे, “पदराला पिसं चिकटवून आणू नकोस म्हणजे झालं.”

मी दिलेल्या लुगड्याचं काय झालं ते मला त्या श्रावणात कळलं.

खतिजाबीची एक खुडूक कोंबडी रवणाला, अंडी उबवायला, बसली होती. तिची पिल्लं नुकतीच बाहेर आली होती आणि पाऊस हटायला तयार नव्हता. एके सकाळी मोरीच्या वाटेनं मुंगूस आत शिरलं. कोंबडीनं पिल्लं पाठीशी घातली आणि त्याच्याशी झुंजली. मुंगूस पळालं, पण तोवर कोंबडीची मान तुटली होती. मी आरडाओरडा ऐकून गेले तेव्हा खतिजाबी ओल्या जमिनीवर बसून पिल्लं गोळा करत होती. दहाबारा असतील. भिजून पिसं अंगाला चिकटलेली, चोची उघड्या, आणि आवाज असा की ऐकवत नव्हता. कासमची बायको अमिना दारात उभी होती. ती बोलायला लागली, “आता ही काही...” आणि खतिजाबीनं वळून बघताच गप्प झाली.

पिल्लं दुसऱ्या कोंबडीकडे सोडून बघितली, तिनं टोचून हाकलली. चुलीशी ठेवली, तर पुढची होरपळायला लागली आणि मागची गारठली. खतिजाबीनं मीठ तापवून त्याची पुरचुंडी मधे ठेवली. पिल्लं तिच्यावर चढली, घसरली, परत रडायला लागली. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून कितीतरी वेळ नुसती बघत बसली. मग एकदम उठली.

“मास्तरीण, कोंबडीचं पिलू कोंबडीवर बसतं का गं?”

“म्हणजे?”

“बसत न्हाय. खाली शिरतं. त्याला ऊब पाठीवर पायजे. मी मूर्ख, पोटाखाली देत बसलेय.”

तिनं वीतभर उंचीचे चार बांबूचे तुकडे कापले. मागचे दोन थोडे ठेंगणे, म्हणजे बारकी पिल्लं आत खोल शिरतील आणि वाढलेली पुढे उभी राहतील. वर एक चौकट बांधली, चौकटीवर माझं लुगडं दुहेरी करून ताणलं. मांजरपाटाच्या पिशवीत समुद्राची वाळू भरली, ती खापरावर तापवली आणि ती गरम उशी लुगड्यावर पसरली. वरून गोधडी टाकली, तीन बाजूंनी खाली सोडली, एक बाजू उघडी ठेवली. दिसायला बुटकं, बेंगरूळ असं काहीतरी झालं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “ही आई. चार पायांची.”

पिल्लं आत ढकलली. दोन-चार पळून बाहेर आली, परत आत गेली. हळूहळू रडणं थांबलं.

पण पहिल्या दिवशीच वाळू जास्त तापली. खतिजाबी विहिरीवर गेली होती तेवढ्यात. परत आली तर बाकीची बाहेर धावून आली होती, आणि अगदी आत, ठेंगण्या बाजूला होती ती दोन बारकी तिथंच राहिली होती. त्या दिवशी तिनं चूल पेटवली ती फक्त वाळूसाठी. स्वतःसाठी काही शिजवलं नाही. मी भाकरी घेऊन गेले तर म्हणाली, “ठेव तिकडं. मी मारली ती. मुंगसानं न्हाय, मी.”

मी म्हटलं, “तुम्हांला काय ठाऊक होतं?”

“आता झालं न्हवं ठाऊक.”

तेव्हापासून वाळूची पिशवी पिल्लांवर ठेवायच्या आधी ती स्वतःच्या मिटलेल्या डोळ्याला लावून बघायची. पापणीला सोसलं तर ठीक. आणि मग कान देऊन बसायची. पिल्लं एकत्र दाटून ओरडली की ऊब कमी, चोच उघडून दूर पळाली की जास्त. “आणि बरं असलं की?” मी विचारलं. ती म्हणाली, “ऐक की.” मी वाकून ऐकलं. गोधडीखालून बारीक कुजबुज येत होती. निजताना बायका माजघरात बोलत पडतात, तसली.

उरलेली सगळी जगली. पुढे तर ती मुद्दाम कोंबडीकडून पिल्लं काढून घ्यायला लागली, म्हणजे कोंबडी लवकर पुन्हा अंड्यावर येते. एकीच्या तीन आया झाल्या, चौकटींची रांग लागली. गल्लीतली माणसं बघायला यायची आणि हसायची. कासम म्हणाला, “भाबी, कोंबडीचं काम बाईनं करायचं? लोक हसतात.”

“हसू दे. दातांना वारा लागंल.”

इब्राहीम घरी आला तेव्हा कासमनं आणि आणखी दोघाचौघांनी त्याच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. बायको ऐकत नाही, उलट बोलते, घराण्याचं नाव घालवते. इब्राहीम खोकणारा, मऊ बोलणारा माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भाईलोक, मी उभी उमर बॉयलरच्या तोंडासमोर काढली. पण हिच्या तोंडासमोर उभं राहायची माझी छाती न्हाय. तुमची असंल तर जा बाबा.” कुणी गेलं नाही. तो पुन्हा बोटीवर गेला त्याआधी त्यानं आपली जाडजूड लोकरीची कांबळ कापून तिच्या तिन्ही आयांना नवी पांघरुणं शिवून दिली.

आता छावणीची गोष्ट सांगते.

थंडीच्या दिवसांत जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाचा मुक्काम गावात पडायचा. खाडीच्या बाजूला सुरूच्या बनात तंबू लागायचे. साहेब, कारकून, शिपाई, घोडे, आचारी. त्यांची रसद गावानं पुरवायची असा शिरस्ता होता. कुणी दूध, कुणी लाकूड, कुणी गवत. कोंबड्या आणि अंडी कोंबड्या पाळणाऱ्यांनी. दाम कागदावर मिळत असेल, घरात कधी पोचत नसे. कचेरीतला गोविंदा शिपाई टोपली घेऊन घरोघर फिरायचा आणि लोक मुकाट्यानं देऊन टाकायचे. गोविंदा आमच्याच गावचा, गरीब माणूस. कोंबडी उचलताना तोच जास्त ओशाळायचा.

एका वर्षी गोविंदा आला तेव्हा खतिजाबी बंदरावर गेली होती. अंगणात एक तांबडी कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती. ही तिची सगळ्यांत चांगली कोंबडी. हिची पिल्लं ती हिच्याकडेच ठेवायची. म्हणायची, “हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.” गोविंदाबरोबर कचेरीतला एक दांडगा पट्टेवाला होता. त्यानं हातात सापडली ती कोंबडी उचलली. गोविंदा म्हणत होता, “अरे, तिची पिलं हायेत बारकी.” तो म्हणाला, “साहेब पिलं खात नाय.” मी वईशी उभी राहून सांगत होते की घरची बाई येऊ दे. माझं कोण ऐकतो!

खतिजाबी आली. मी सांगितलं. ती तडक घरात गेली, वाळू तापवली, पिशवी पापणीला लावून बघितली, टोपलीत पिल्लं घातली, पिशवी त्यांच्या पाठीला टेकेल अशी ठेवून वर कांबळीचा तुकडा झाकला. अंगावर पांढरी चादर घेतली आणि टोपली काखोटीला मारून निघाली. गल्लीच्या तोंडाशी कासम आडवा आला. “भाबी, वेडी झालीस काय? माझा मचवा बंद करतील ते!”

“तुझा मचवा तू सांभाळ. मला वाट दे.”

ती गेली ती साहेबाच्या तंबूसमोर जाऊन जमिनीवर बसली. शिपायांनी हटकलं, ती हलली नाही. टोपली मांडीवर घेऊन बसून राहिली. ही बातमी आमच्या शाळेपर्यंत आली. माझे यजमान मधल्या सुट्टीत घरी आले ते घाबरूनच. “तू काही तिकडे जायचं नाही. आपण नोकर माणसं.” मी होय म्हटलं. मग डोक्यात आलं, टोपलीतली वाळू आतापर्यंत थंड झाली असणार. खाडीवर वारा भणभणत होता. मी तिच्या घरात शिरले, दुसरी पिशवी तापवली, डोळ्याला लावली, लुगड्यात गुंडाळली आणि गेले. यजमान ओटीवर बसून सगळं बघत होते. फक्त म्हणाले, “पदर नीट घे. वारा आहे.”

मी पोचले तेव्हा माणसं जमली होती, पण सगळी लांब, झाडांच्या आड. मधल्या मोकळ्या वाळूत ती एकटी. मी पिशवी दिली. तिनं पिल्लांजवळची थंड पिशवी काढली, पिल्लं मांडीवर आपल्या पोटाशी घेतली, नवी पिशवी त्यांच्या पाठीला लावली आणि चादर ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “जास्त तापली न्हाय ना?”

तेवढ्यात साहेब बाहेर आला. तरुण गोरा, नाक उन्हानं सोललेलं. मराठी शिकलेला होता, पण पुस्तकातली. बरोबरचा अव्वल कारकून पुढे होऊन इंग्रजीत काहीतरी सांगू लागला. खतिजाबीला इंग्रजी कुठलं कळणार, पण कारकुनाचा पसरलेला हात तिला कळला.

“भीक मागत न्हाय म्हणावं.”

साहेब म्हणाला, “बाई, आपले काय म्हणणे आहे?”

तिनं चादर बाजूला केली. पिल्लं एकदम ओरडायला लागली.

“ह्यांची आई तुमच्या माणसांनी आणली. मी ही पोरं पोचवायला आलेय. आई न्यायची तर पोरंही न्या. थंडी हाय, अंगाखाली घ्यायला लागतात. तुमच्यात कोण घेतो बोला.”

झाडामागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. साहेबानं कारकुनाला विचारलं, कारकुनानं पट्टेवाल्याला. पट्टेवाला खाली बघायला लागला. आचाऱ्याच्या तंबूमागे तांबडी पिसं वाऱ्यावर फिरत होती. खतिजाबीनं ती आधीच बघितली असणार, कारण त्या बाजूला तिनं एकदाही मान वळवली नाही.

साहेबाचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, “मूल्य देण्यात येईल.”

“मोल न्यायच्या आधी विचारायचं असतं, सायब. खाऊन झाल्यावर न्हाय.”

ती उठली. टोपली उचलली. “माझ्या दारात कोंबड्या हायेत. पुढल्या सालीही असतील. मी देणार न्हाय. तुम्हांला समोर सांगायला आले, मागनं सांगायची सवय न्हाय मला.” आणि पाठ फिरवून चालू लागली. मी तिच्यामागून.

लोकांना वाटलं, आता तिला कचेरीत नेणार. तसं झालं नाही. साहेब कारकुनावर चिडला, कारकून पट्टेवाल्यावर, आणि शेवटी घरी बसवलं ते गोविंदाला, सहा महिने. खतिजाबीला हे कळलं तेव्हा ती हातातलं काम टाकून ओट्यावर बसली. “वाघाला दगड मारला, लागला शेरडाला,” म्हणाली. त्या सहा महिन्यांत गोविंदाच्या घरी अंडी जात राहिली. गोविंदा दार उघडायचा नाही, ती उंबऱ्यावर ठेवून यायची.

पुढच्या थंडीत मुक्काम पडायच्या आधी ती गल्लीतल्या घराघरात गेली. आमच्या गल्लीत कोळी होते, आगरी होते, तिचे जमातवाले होते. बायका म्हणाल्या, कोंबड्या लपवू, नाहीत म्हणून सांगू. खतिजाबी भडकली.

“न्हायत कशाला म्हणायचं? खोटं कशाला बोलायचं? आपण काय चोरल्यात? हायेत म्हणा. आणि देणार न्हाय म्हणा.”

गोविंदा पुन्हा कामावर लागला होता. टोपली घेऊन तोच आला. पहिल्या दाराशी, दुसऱ्या दाराशी, सगळीकडे तेच. हाय. देणार न्हाय. खतिजाबीच्या दाराशी येईतो त्याला घाम फुटला होता. “आता मी तिकडं काय सांगू? मला परत घालवतील.”

“बस. पाणी पी. त्यांना सांग, खतिजाबीनं सगळ्यांना फितवलं. माझं नाव सांग, पूर्ण सांग, इब्राहीमची बायको म्हणून सांग. तुझं नाव त्यात येता कामा नये.”

तो रिकामी टोपली घेऊन गेला. दोन दिवस छावणीकडून कुणी आलं नाही. कासमनं मचवा बंदरातून काढून पलीकडे थेरोंड्याला नेऊन ठेवला. शेवटी तिसऱ्या दिवशी छावणीचा आचारी स्वतः बाजारात आला आणि रोख मोजून कोंबड्या घेऊन गेला. बस्स, एवढंच झालं. गाजावाजा काही नाही. माझे यजमान त्या संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालत म्हणाले, “इतकी वर्षं हे इतकं सोपं होतं?” खतिजाबी वईपलीकडून ऐकत होती. म्हणाली, “सोपं न्हवतं, मास्तर. सोपं आता झालंय.”

तिला दोन मुलं झाली होती, हे मला फार उशिरा कळलं, तेही अमिनाकडून. दोन्ही दिवस भरायच्या आत आलेली, दोन्ही आठवडाभरात गेलेली. दोन्ही वेळा भोवतीच्या बायकांनी बाळाकडे बघून मान हलवली होती आणि तेच वाक्य म्हटलं होतं. अमिना म्हणाली, “तिनं शेक द्यायला विस्तव मागितला, तर कुणी उठलंच न्हाय. उगाच हाल कशाला, म्हणाली सगळी.” मी यावर खतिजाबीशी कधी बोलले नाही. तीही नाही.

पण गोविंदाच्या सुनेला सातव्या महिन्यात जुळं झालं, तेव्हा मी तिथे होते. सकाळची वेळ, बाहेर पावसाची झड. सुईणीनं दोन्ही बाळं सुपात ठेवली होती, तळहाताएवढी, निळसर. गोविंदा दाराबाहेर भिजत उभा. त्या खोलीत मुसलमान बाईनं यायचं की नाही, यावरून त्याची बायको कुणाशी तरी वाद घालत होती. खतिजाबी आली, वाद घालणाऱ्यांच्या मधून वाट काढत आत शिरली. हातात तीच चौकट होती. नवीन लुगडं ताणलेलं, धुतलेली गोधडी, आणि मागे अमिनाच्या हातात तापलेल्या वाळूच्या पिशव्या.

सुईण म्हणाली, “बाई, कशाला? ही काही...”

“गप,” खतिजाबी म्हणाली. ओरडून नाही. फार हळू. मी तिचा तो आवाज त्याआधी कधी ऐकला नव्हता.

बाळांना तिनं कापसात गुंडाळलं, तोंडं उघडी ठेवली, चौकटीखाली शेजारी शेजारी निजवलं. पापणीला पिशवी लावायची, ठेवायची, हात आत घालून बघायची, काढायची. बाळंतिणीचं दूध कापसाच्या वातीनं ओठांवर. आम्ही बायका आळीपाळीनं वाळू तापवत राहिलो, दिवसामागून दिवस. सोवळं कुठे गेलं, कुणाची चूल कुणाची वाळू, कुणी विचारलं नाही.

मुलगा चौथ्या दिवशी गेला. मुलगी राहिली.

मुलगी चांगली रडायला लागली तेव्हा गोविंदाच्या बायकोनं खतिजाबीचे पाय धरले. तिनं पाय मागे घेतले. “एक गेला माझ्या हातनं. पाया कसली पडतेस?” गोविंदाची बायको म्हणाली, “एक राहिली की.” खतिजाबीनं चौकट उचलली, पावसातून घरी गेली आणि चौकटीचे मागचे पाय आणखी बोटभर कापून ठेंगणे करत बसली. मी विचारलं, आता हे कशाला? तर म्हणाली, “बारक्याला ऊब पोचली न्हाय. उंच झाली व्हती.” तसं असेल किंवा नसेलही. ती मात्र कापत राहिली.

यानंतर दोन-अडीच वर्षांनी आमची बदली पेणला झाली. इब्राहीम तेव्हा कायमचा घरी आला होता, छातीनं पार गेलेला. अंगणात खाटेवर बसून असायचा. गावातले लोक त्याच्याकडे बघायचे आणि एकमेकांकडे बघायचे, पण त्या अंगणात बोलायचं कुणी नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिला भेटायला गेले. तिनं निरोपाचं काही बोलूच दिलं नाही. “पेणला काय समुद्र आडवा हाय? जा, भांडी भर.” सकाळी गाडी जुंपली, सामान चढलं, गल्लीतल्या बायका आल्या, अमिना आली, गोविंदाची सून मुलीला कडेवर घेऊन आली. खतिजाबी आली नाही. मला वाईट वाटलं, नाही कसं म्हणू.

गाडी वईच्या कडेनं वळली तेव्हा ती दिसली. अंगणात पिल्लं उन्हाला सोडलेली होती आणि वर माडांच्या शेंड्यांवर एक घार गिरक्या घेत होती. इब्राहीम खाटेवर गोधडीत बसला होता. खतिजाबी त्याच्या आणि पिल्लांच्या मधे उभी होती, पदर खांद्यावर घसरलेला, केस पांढरे झालेले. हातातली लांब वेळूची काठी तिनं सरळ आभाळावर उगारली होती आणि ती वर बघून जीव तोडून ओरडत होती, “ये! ये खाली! बघते तुला!”

आमची गाडी गेलेली तिला कळलीसुद्धा नाही. मी हाक मारली नाही. घार एक गिरकी आणखी फिरली, आणि खाडीच्या बाजूला निघून गेली.